जुन्या ट्रॅक्टरला बाहेरचा जॅक जोडायचा तर

"आमच्या जुन्याला पलटी चालंल का?" ऊस तुटून गेला, खोडवा मोडायची वेळ आली की हा प्रश्न आमच्याकडे कृष्णाकाठी दरवर्षी ठरलेला. विचारणाऱ्याकडे वडिलांच्या काळातला मॅसी फर्ग्युसन नाहीतर महिंद्राचा बी-२७५ ट्रॅक्टर असतो. इंजिन ठणठणीत, लिफ्टही उचलते, पण मागे जॅकचे, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या सिलेंडरचे, पाइप लावायला कपलर (झटकन बसणारी-निघणारी जोडतोंडं) नाहीत. कुणाला हायड्रॉलिक पलटी नांगर जोडायचा असतो, कुणाला मुरूम-शेणखताची डंपिंग ट्रॉली. उत्तर बहुतेक वेळा "चालंल" असंच आहे. पण कसं चालेल हे ट्रॅक्टरच्या पोटात काय आहे त्यावर ठरतं. त्यामुळे बाजारात जाऊन पाइप आणि व्हॉल्व्ह आणण्याआधी थोडं थांबा.

नवख्यांसाठीच लिहितोय, म्हणून अगदी मुळापासून सांगतो. ज्याला हे माहीत आहे त्याने सरळ पाइपांच्या भागावर जावं.

आधी कागदावर तेलाची वाट काढा

हायड्रॉलिक म्हणजे तेलाची ये-जा. पंप तेल ढकलतो, ते जॅकमध्ये जातं, काम करतं आणि परत टाकीत येतं. जुन्या ट्रॅक्टरला वेगळी टाकी बहुधा नसतेच; गिअरबॉक्स-डिफरन्शियलचं तेल हेच लिफ्टचं तेल. एका कागदावर चार चौकोन काढा: टाकी, पंप, लिफ्ट, नवा जॅक. तेल कुठून निघतं आणि कुठून परत येतं, त्याचे बाण काढा. परतीचा बाण काढता येत नसेल तर अजून पाना हातात घेऊ नका.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, फजितीने सांगतो. पहिल्यांदा मी भंगार बाजारातून एक लिव्हरचा व्हॉल्व्ह आणला, तेल कुठल्या बाजूला पाठवायचं ते ठरवणारा, ज्याला सगळे डीसीव्ही म्हणतात. त्याच्या 'पी', म्हणजे पंपाच्या, तोंडाला पंपाची लाइन दिली आणि 'टी' तोंडातून निघालेली लाइन पुढे लिफ्टला जोडली. तेल पुढे जातंय, लिफ्ट उचलतेय, मी खूष. मग मागे नांगर लावला, लिफ्टचा लिव्हर ओढला आणि व्हॉल्व्हच्या टोकाचं सील फाटून गरम तेल थेट शर्टावर. गावातले मिस्त्री आले, व्हॉल्व्ह फिरवून बघितला आणि म्हणाले, "दादा, ही परतीची वाट हाय. हिच्या म्होरं वजन कसं लावलंसा?"

'टी' हे टाकीचं तोंड असतं. त्या बाजूच्या सीलना पूर्ण दाब सोसायची सवय नसते. व्हॉल्व्हमधून तेल पुढे लिफ्टला दाबासकट न्यायचं असेल तर व्हॉल्व्हला तिसरं, वेगळं तोंड लागतं. दुकानात ते 'कॅरी ओव्हर' किंवा 'पॉवर बियाँड' म्हणून मागा. ते असलं की 'टी' स्वतंत्रपणे टाकीला जातो आणि लिफ्टला आपला दाब मिळतो. काही व्हॉल्व्हना ही सोय एक छोटी स्लीव्ह बसवून करता येते, काहींना अजिबात नाही. भंगारातला व्हॉल्व्ह घेताना हे विचारायचं राहतंच.

तुमचा ट्रॅक्टर कुठल्या घराण्यातला

ढोबळ दोन घराणी समजा.

पहिलं मॅसीचं. हॅरी फर्ग्युसनने आखलेली ही पद्धत. १९४६ साली आलेल्या त्याच्या टीई-२० या करड्या ट्रॅक्टरमध्ये ती होती आणि पुढे मॅसी ३५, १३५ आणि आपल्याकडच्या १०३५ पर्यंत तिचाच वंश चालला. पिस्टनचा पंप मागच्या कवचात, तेलात बुडालेला. त्याला फिरवणारा दांडा पीटीओचा, म्हणजे मागच्या औजारांना इंजिनाची ताकद देणारा. त्यामुळे या घराण्यातल्या बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत पीटीओचा लिव्हर सुटा असेल तर लिफ्टच उचलत नाही. पंप गेला म्हणून आख्खं कव्हर उघडायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. पीटीओ टाकला की लिफ्ट वर.

या पंपाची खरी गोम वेगळीच. यात नियंत्रण पंपाच्या ओढण्याच्या बाजूला असतं. लिफ्ट वर पोचली, लिव्हर स्थिर झाला, की पंपाला तेलच मिळत नाही. तो नुसता फिरतो. म्हणजे बाहेर कितीही महागाचा डीसीव्ही लावा, लिफ्ट स्थिर असताना त्याच्याकडे तेल येणारच नाही. म्हणून बऱ्याच मॉडेलांच्या लिव्हरच्या पट्टीवर, अगदी वरच्या टोकाला, पंप सतत चालू ठेवायची जागा खूण करून दिलेली असते. लिव्हर तिथे ठेवला तर तेल बाहेर मिळतं. काम झालं की लिव्हर लगेच खाली घ्यायचा, नाहीतर तेल सगळा वेळ रिलीफ व्हॉल्व्हवरून (दाब जास्त झाला की तेल सोडून देणारा व्हॉल्व्ह) शिट्टी वाजवत पडत राहतं आणि तापतं.

दुसरं घराणं गिअर पंपवाल्यांचं. तेल सतत फिरत असतं आणि व्हॉल्व्ह मध्यावर असला की बिनदाबाचं परत टाकीत जातं. महिंद्राचा बी-२७५, १९६३ नंतर इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या भागीदारीतून आलेला, तो या चालीचा. या पद्धतीला 'ओपन सेंटर' म्हणतात आणि इथे व्हॉल्व्हही ओपन सेंटरचाच लागतो. 'क्लोज्ड सेंटर' बसवला तर तेलाची वाट कायमची बंद, इंजिन सारखं लोडवर आणि तासाभरात कवच हाताला चटका देईल इतकं गरम.

तुमचा कुठला हे ओळखायला मॅन्युअल मिळवा. नाहीच मिळालं तर लिफ्टच्या कव्हरवरचे प्लग नीट बघा. बऱ्याच ट्रॅक्टरांना कंपनीनेच एक टॅपिंगचं तोंड देऊन प्लग मारलेला असतो. वर्षानुवर्षांच्या मातीखाली तो दिसत नाही, एवढंच. डिझेलने धुऊन, तारेच्या ब्रशने घासून बघा.

पंपात दम किती, ते मोजा

त्या टॅपिंगवर दाबाचं गेज लावा. ४०० बारपर्यंतचं गेज घ्या; बार हे दाबाचं माप. आधी तेल थोडं कोमट होऊ द्या, मग लिव्हर पूर्ण वर आणि इंजिन मध्यम वेगावर. काटा जिथे थांबेल तो तुमच्या रिलीफ व्हॉल्व्हचा दाब. तीन-चार सेकंद बघा आणि सोडून द्या. तिथेच धरून ठेवू नका. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा काटा फार खाली राहिला तर आधी पंप, गाळणी आणि लिफ्टच्या सिलेंडरचं सील बघा. दमलेल्या पंपावर नवा जॅक म्हणजे आजारी बैलाला दुसरी गाडी जुंपणं.

दाब माहीत झाला की जॅकची ताकद घरी काढता येते. ६३ मिलिमीटर व्यासाचा जॅक, पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ३१ चौरस सेंटिमीटर. १५० बारला तो साडेचार टनांच्या वर ढकलतो. ओढताना मात्र मधल्या दांड्याची जागा वजा होते. ३५ मिलिमीटरचा दांडा असेल तर जोर सव्वातीन टनांच्या आसपास. पलटी नांगराचा जॅक दोन्हीकडे काम करतो, म्हणून दोन्ही आकडे लागतात.

ट्रॉलीसाठी जोरापेक्षा तेलाचा हिशेब महत्त्वाचा. १०० मिलिमीटर व्यास आणि १ मीटर लांबीचा जॅक पूर्ण बाहेर येताना जवळपास ८ लिटर तेल पोटात घेतो. पंप मिनिटाला १५ लिटर देत असेल तर ट्रॉली उचलायला अर्धा मिनिट. वेळेचं काही नाही, पण ते ८ लिटर तुमच्या गिअरबॉक्समधून गेलेत. पातळी खाली गेली की पंप हवा ओढतो, तेल फेसाळतं आणि ट्रॉली अर्ध्यावर थरथरायला लागते. तेलाची कांडी नेहमी जॅक मिटलेला असताना बघायची. मग जॅक पूर्ण उघडून पंप ओरडतो का ते ऐकायचं. ओरडत असेल तर थोडं जादा तेल घालणं हा उपाय आहे, पण मर्यादेतच. जॅक मिटल्यावर तेच तेल परत येतं आणि मागच्या चाकाच्या सीलमधून ब्रेकवर झिरपू शकतं.

जॅक फारच मोठा असेल तर माझं स्पष्ट मत: ट्रॅक्टरच्या तेलाला हात लावू नका. पीटीओवर बसणारा वेगळा पंप, वेगळी टाकी, वेगळी गाळणी. खर्च जास्त, पण जुन्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स त्याहून महाग पडतो.

एक पाइप की दोन

ट्रॉलीचा जॅक एकतर्फी असतो, म्हणजे सिंगल अ‍ॅक्टिंग. तेल उचलतं आणि वजन खाली आणतं. त्याला एकच पाइप. मॅसीच्या टॅपिंगवरून थेट पाइप काढून लिफ्टच्याच लिव्हरने ट्रॉली चालवता येते, अनेक जण तसंच करतात. फक्त लक्षात ठेवा, तेल आधी सोपी वाट धरतं. रिकाम्या लिफ्टच्या भुजा हलक्या, म्हणून त्या आधी वर जातात आणि मग ट्रॉली उचलते. मध्ये एक सिलेक्टर व्हॉल्व्ह बसवला की लिफ्ट की जॅक हे आपण ठरवतो.

पलटी नांगराला दोन पाइप, डबल अ‍ॅक्टिंग. सुरुवातीला हा नांगर शिकताना गंमत वाटते. जॅक आधी फ्रेमला उभ्या रेषेपर्यंत ओढतो आणि मग तिथून दुसऱ्या बाजूला ढकलतो. साध्या नांगरात हा बदल लिव्हरने आपण करायचा; काही नांगरांच्या जॅकवर तो आपोआप करणारा व्हॉल्व्ह असतो. मधल्या बिंदूवर लिव्हर उलटा करायला उशीर झाला तर नांगर आल्या वाटेने परत पडतो. दोन तास मोकळ्या रानात सराव केला की हात बसतो. १९१० साली इथेच शेजारी, तेव्हाच्या औंध संस्थानात, लोखंडी नांगर घडवणाऱ्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. त्या नांगराला बैल जुंपून बांधावर वळणाऱ्या पणजोबांना हे एका बोटावर पलटी होणारं फाळ दाखवायला हवं होतं, असं मला दरवेळी वाटतं.

पाइप, आटे आणि वॉशर

इथे लोक पैसे वाचवतात आणि इथेच तेल गळतं, म्हणून जरा सविस्तर.

पाइप दोन तारांचा घ्या. दुकानात 'आर-टू' म्हणतात. अर्ध्या इंचाचा असा पाइप साधारण २७५ बारचा असतो. एका तारेचा 'आर-वन' त्याच्या निम्म्याच्या आसपास. टोकं मशीनवर दाबलेली हवीत. क्लिप आवळून बसवलेला पाइप परतीच्या लाइनला एक वेळ चालेल, दाबाच्या लाइनला कधीच नाही. कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला किंवा कराडला पाइप दाबून मिळतो; जाताना सुतळीने लांबी मोजून न्या. ही मोजणी नांगर पूर्ण खाली, पूर्ण वर आणि एका बाजूला झुकलेला, अशा तिन्ही वेळा करा. सर्वांत जास्त येईल ती लांबी, वर वीतभर सूट. अर्ध्या इंचाच्या पाइपाला सात इंचांपेक्षा कमी त्रिज्येचं वळण देऊ नका, आणि पाइप पिळलेला बसवू नका. पाइपावर छापलेली रेघ सरळ दिसली पाहिजे. रेघ जिलबीसारखी फिरली असेल तर नट सोडून पुन्हा बसवा.

आटे हा फसवा प्रकार. जुन्या ट्रॅक्टरांवर बीएसपी (ब्रिटिश), एनपीटी (अमेरिकन), मेट्रिक अशा सगळ्या मापांचे आटे सापडतात. अर्ध्या इंचाला बीएसपी आणि एनपीटी दोन्हींत इंचाला १४ आटे; त्यामुळे एक दुसऱ्यात दोन-तीन फेरे छान जातो आणि मग अडकतो. तिथे पाना मारून बसवला की बसल्यासारखा वाटतो आणि दाब आला की गळतो. आट्याचा कोन वेगळा असतो, ५५ आणि ६०. जुना प्लगच दुकानात घेऊन जा आणि त्याच्यावरून निपल, म्हणजे आट्यांचा जोडतुकडा, मिळवा.

सरळ आट्याचं निपल डाउटी वॉशरवर, म्हणजे आतून रबर लावलेल्या लोखंडी कडीवर, बसतं. तांब्याची कडी चालते, पण ती दरवेळी नवीन, नाहीतर लाल होईपर्यंत तापवून मऊ केलेली. टेफ्लॉन टेपचा मोह टाळा. आट्यातून सुटलेलं टेपचं एक तुसभर सूत रिलीफ व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसलं की दाब धरत नाही, आणि ते शोधायला निम्मा ट्रॅक्टर उघडावा लागतो.

परतीचा पाइप दाबाच्या पाइपापेक्षा जाड असावा, बारीक कधीच नको. त्याचं टोक शक्यतो तेलाच्या पातळीखाली सोडा. वरून पडणारं तेल फेस करतं. आणि परतीच्या वाटेवर बंद होऊ शकेल असं काही ठेवू नका. यामागे एक गणित आहे. डबल अ‍ॅक्टिंग जॅकच्या दांड्याकडचा कपलर नीट बसला नाही, तर तिकडचं तेल अडकतं. मागून १५० बार ढकलतात, पण दांड्याकडे क्षेत्रफळ कमी, म्हणून तिथला दाब २१७ बारच्या आसपास चढतो. आणि हा दाब जॅकमध्येच अडकलेला असल्यामुळे ट्रॅक्टरच्या रिलीफ व्हॉल्व्हला त्याचा पत्ताच नसतो. कपलर 'टक्' आवाज येईपर्यंत ढकला आणि मग ओढून बघा.

जोडणी आणि पहिली चाल

क्रम असा ठेवतो. औजार जमिनीवर, इंजिन बंद, लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब सोडलेला. प्लगच्या भोवतीचा भाग धुतलेला, हात आणि पाने पुसलेले. नवे पाइप स्वच्छ तेलाने किंवा हवेने आतून साफ करा. कापताना पडलेला रबराचा आणि तारेचा कीस आत असतोच. व्हॉल्व्ह बसेल तिथे मजबूत पत्र्याचा आधार द्या, नुसत्या पाइपांवर लटकता ठेवू नका. लिव्हर सीटवरून, मागे न वळता हाताला आला पाहिजे.

जोडून झालं की इंजिन हळू, आणि जॅक पाच-सहा वेळा उघडा-मिटा. सुरुवातीला तो झटके देत चालेल, ती हवा. एकतर्फी जॅकला हवा काढायचा स्क्रू नसेल तर पाइपाचा नट अर्धा फेरा सैल करून फेस जाऊन स्वच्छ तेल येऊ द्या, मग आवळा. हे फक्त ट्रॉली रिकामी आणि खाली टेकलेली असतानाच. मग तेलाची कांडी पुन्हा बघा.

गळती शोधायची ती पुठ्ठ्याने, हाताने कधीच नाही. सुईएवढ्या भोकातून निघालेली तेलाची धार कातडीतून आत शिरते. वरून नुसता टाचणीचा टोच दिसतो, दुखतही नाही, आणि काही तासांत हात सुजतो. असं झालं तर हळद-चुना लावत बसू नका. त्याच क्षणी सांगली-मिरज किंवा कराडच्या मोठ्या दवाखान्यात जा आणि दाबाचं तेल आत गेलंय असं डॉक्टरांना स्वतः सांगा. हे ऑपरेशनचं काम असतं.

ट्रॉली वर असताना खाली वाकायचं असेल तर आधी लोखंडी टेकू. लिव्हरवर विसंबू नका. पाइप फुटायला निमित्त लागत नाही. आणि उचलण्याआधी मान वर करून तारा बघा. आपल्याकडे मोटारीच्या लाइनी बांधावर कशा लोंबतात ते सांगायला नको.

नंतर काय बिघडतं

जॅक आपोआप खाली बसत असेल तर पाइप सोडून, तोंडं प्लगने बंद करून बघा. तरीही बसत असेल तर जॅकचं सील गेलं, नाहीतर दोष व्हॉल्व्हचा. तेल दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. सील फुगून जॅक अडकला तर आधी विचारा, कुणी ब्रेक ऑइल घातलं का. कमी पडलं म्हणून हाताला आलेली बाटली ओतणारे प्रत्येक गावात असतात, आणि ब्रेक ऑइल या सीलना मानवत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे दुसऱ्याकडून उसनी आणलेली ट्रॉली. तिच्या जॅकमध्ये तिच्या मालकाच्या ट्रॅक्टरचं तेल असतं. पहिल्यांदा खाली केली की ते लिटरांनी तुमच्या गिअरबॉक्समध्ये येतं, त्यातल्या कचऱ्यासकट. एकदा असं काळं डांबरासारखं तेल माझ्या कांडीवर दिसलं तेव्हा त्याच दिवशी सगळं काढून टाकावं लागलं. आता ट्रॉली आली की मी आधी तिच्या पाइपातून थोडं तेल बाटलीत काढून उन्हात धरून बघतो. शेजाऱ्याला राग येतो, येऊ दे.

काम संपल्यावर पाइप काढताना औजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर दोन्हीकडे दोनदा हलवा, मगच कपलर ओढा. दाब अडकवून काढलेला पाइप उन्हात पडला की आतलं तेल फुगतं, दुसऱ्या दिवशी कपलर बसतच नाही आणि लोक त्याचं तोंड दगडावर ठोकतात. दोन्ही तोंडांना टोप्या घाला. टोप्या हरवतात म्हणून मी त्या तारेने पाइपालाच बांधल्यात.